साहेब होण्याचा अभ्यास

मिरचीचा ठसका लागला की मला नेतृत्वाचे गुण आठवतात.

मे लागला की राजारामपुरीत आमच्या गल्लीच्या तोंडाचा मिरची कुटायचा डंक सकाळपासून धडधडायला लागतो. भाजलेलं खोबरं, धने, देठं काढून वाळवलेल्या मिरच्या डब्यांत भरून बायका रांगेला बसलेल्या असतात. वर्षाची चटणी कुटून न्यायची असते. तो लाल धुरळा वाऱ्यावर चढतो. क्लासला निघालेली पोरं नाकाला रुमाल लावून गाड्या दामटतात, समोरच्या दवाखान्याच्या पायरीवर बसलेला पेशंट आणखी खोकतो, आणि मी गॅलरीत उभी राहून शिंकते. डोळ्यांत पाणी येतं. ते पुसता पुसता एक जुना राग वर येतो. वय झालं की राग निवतो म्हणतात. माझा निवत नाही. दर मे महिन्यात तो नव्यानं कुटून येतो.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. मी एका शिक्षण संस्थेच्या कोल्हापुरातल्या हायस्कुलात मराठी शिकवत होते. संस्थेचं नाव घेत नाही. तिच्या शाळा शहरात होत्या तशा डोंगरातही होत्या, इकडं मलकापूरच्या बाजूला आणि तिकडं चंदगडच्या टोकाला. त्या वर्षी संस्थेच्या मनात आलं, आपल्यातलेच शिक्षक तयार करावेत, त्यांना शालेय व्यवस्थापनाची पदविका करायला लावावी, आणि त्यांच्यातूनच चंदगडकडच्या शाळांचा विभागप्रमुख निवडावा. विभागप्रमुख म्हणजे त्या भागातल्या सगळ्या शाळांचा साहेब. शिक्षक कुठं कमी आहे, खोली कुठली गळते, वर्ग कुठला वाढवायचा, हे सगळं त्याच्या शब्दावर. बी.एड. झालेला आणि दहा वर्षं शिकवलेला कुणीही अर्ज करू शकतो, असं परिपत्रकात होतं. 'कुणीही' हा शब्द मी खरा मानला.

वर्ग मे महिन्यात, कारण मास्तरांना तेव्हा सुट्टी. मास्तरांना असते हो. आम्हा बायकांचा मे म्हणजे चटणी, सांडगे, कुरडया, लग्नं, माहेर आणि सासरची जत्रा. पहाटे उठून कुरडयांचा चीक घोटून, गच्चीवर चादरी अंथरून, भाकऱ्या थापून आम्ही वर्गात पोचायचो, तेव्हा हाताला चिकाचा वास असायचा. अभ्यासकेंद्र म्हणजे राजारामपुरीतलीच एक शाळा. बाकं सातवीच्या पोरांच्या मापाची. चाळीसेक मोठी माणसं गुडघे आखडून त्या बाकांत बसलेली, त्यात आम्ही बायका पाच. आणि खिडकीला लागून डंक. फळ्यापाशी एक निवृत्त शिक्षणाधिकारी उभे असायचे. आम्ही त्यांना तोंडावर सर आणि आपसात नुसतंच साहेब म्हणायचो. ते सांगायचे, "नेता म्हणजे जहाजाचा कप्तान," आणि सटासट शिंकायचे.

पहिल्याच दिवशी मागच्या बाकावरून खणखणीत आवाज आला. "सर, आमच्याकडं जहाज न्हाई. एस्टी हाय, ती बी ताम्रपर्णीला पाणी चढलं की बंद."

वर्ग हसला. मी वळून पाहिलं. उंच, काळीसावळी, कपाळावर विभूतीची पुसट रेघ, मांडीवर पिशवी आणि पिशवीतून काजूच्या बोंडांचा उग्र गोड वास. ती गिरिजा. मूळची गडहिंग्लजची, घरात कानडी, शाळेत मराठी. नवऱ्याचं गडहिंग्लजला भुसार दुकान, दोन्ही लेकरं तिच्या अव्वाकडं, म्हणजे आईकडं. ही मात्र संस्थेच्या चंदगडातल्या अगदी आतल्या शाळेत गणित शिकवत होती. सोमवार ते शनिवार एका भाड्याच्या खोलीत एकटी राहायची. अकरा वर्षं.

महिनाभर ती माझ्याकडंच राहिली. मला 'तंगी' म्हणायची, कानडीत धाकटी बहीण. मी तिला गिरिजाक्का. सकाळी आम्ही दोघी मिळून गच्चीवर कुरडया घालायचो आणि संध्याकाळी त्याच गच्चीवर बसून वाचायचो. हिला पुस्तकातलं वाक्य पटलं नाही की ती ते मोठ्यानं दोनदा वाचायची आणि "ह्यानं कधी शाळा बघितलीया काय?" असं विचारून पान उलटायची. पटलं की मात्र एकदम गप्प व्हायची. अंदाजपत्रकाचं प्रकरण वाचताना ती अशी गप्प झाली होती. तासाभरानं म्हणाली, "तंगी, हे आपल्याला आधी कुणी का सांगितलं न्हाई गं? मी इतकी वर्षं हेडमास्तरांकडं खडू मागत बसलेय, आणि हितं लिवलंय की खडूचे पैसे येत्यातच."

तिला किती हौस होती त्या अभ्यासाची! मला वरचा पगार दिसत होता, खोटं कशाला बोलू. तिला शाळा दिसत होत्या.

आणि तिथंच पहिली ठिणगी पडली. शाळांच्या पैशांचा आणि सेवाशर्तींचा तास होता. या कामात लागणारी सगळ्यात कठीण आणि सगळ्यात उपयोगी गोष्ट ती. त्याच दुपारी संस्थेचे अध्यक्ष भेट द्यायला येणार होते. साहेब वर्गात येऊन म्हणाले, "महिला प्रशिक्षणार्थींनी जरा बाहेर या. रांगोळी, ओवाळणी आणि चहाचं तुम्ही बघा. तुमच्याशिवाय शोभा नाही."

आम्ही चौघी उठलो. जन्माची सवय. गिरिजाक्का बसून राहिली.

"मॅडम, तुम्ही?"

"सर, हा तास चुकला तर परत कोण घेणार माझा?"

"अहो, ते तुम्हाला लागणार नाही," साहेब हसून म्हणाले. अगदी प्रेमानं म्हणाले. त्यांच्या बोलण्यात एक काटा नव्हता, म्हणूनच ते मला जास्त लागलं. शिवी दिली तर भांडता येतं. 'तुम्हाला लागणार नाही' याच्याशी भांडायचं कसं?

गिरिजाक्कानं वही उघडली आणि म्हणाली, "लागंल की सर. सांगा तुम्ही."

ती बसली. ती बसली म्हणून मीही दारातून परत फिरले. पाठोपाठ बाकीच्या तिघी आल्या. अध्यक्षांना त्या दिवशी शिपाईमामांनी ओवाळलं, फार नीट ओवाळलं, आणि शोभेला काहीही कमी पडलं नाही.

मराठीत 'बाई' हा मोठा गमतीचा शब्द आहे. शाळेच्या फाटकात तो मान असतो. "बाई आल्या" म्हटलं की पोरं सरळ बसतात. तोच शब्द कचेरीच्या दारात कारण होतो. "बाई आहे हो" म्हटलं की पुढचं वाक्य बोलायची गरज उरत नाही. मी आयुष्यभर भाषा शिकवली, पण हा अर्थ मला कुठल्या कोशानं सांगितला नाही. तो त्या मे महिन्यानं सांगितला.

शेवटच्या आठवड्यात आम्हाला नाटकासारखा एक प्रयोग करायला लावला. एकानं विभागप्रमुख व्हायचं, एकानं तक्रार घेऊन आलेला पालक. चौगुले सर विभागप्रमुख झाले. ते आमच्याच संस्थेतले, कोल्हापूरचे, स्वभावानं गरीब, इस्त्रीच्या कपड्यातले. पालक व्हायला गिरिजाक्का उठली. तिनं पदर डोक्यावरून खांद्याला गुंडाळून मुंडाशासारखा केला, आणि आम्ही हसायच्या आत तिचा आवाज बदलला.

"नमस्कार जी. धनगरवाड्यावरनं आलोय. वड्यावरचा साकव व्हावून गेला बघा."

"बसा, बसा," चौगुले सर म्हणाले. "साकव आमच्याकडं येत नाही. तिकडं अर्ज द्या."

"साकवाचं न्हवं जी. पोरीचं म्हंतोय. आठवीला हाय. पाण्यातनं कशी यायची? दोन म्हैनं गावात कुणाकडं ठिवायची सोय करा. एवढंच म्हंतोय."

"तुमची अडचण मी समजू शकतो. लेखी अर्ज द्या, मी वर पाठवतो."

"मला लिवाय येत न्हाई. पोरीला येतं. पर ती वड्याच्या पल्याड हाय."

वर्गात कुणी हसलं नाही. चौगुले सरांनी घाम पुसला, पुन्हा एकदा शांतपणे "अर्ज द्या" म्हटलं, आणि साहेबांनी टाळ्या वाजवल्या. "उत्तम! आवाज न चढवता परिस्थिती हाताळली. हेच नेतृत्व."

गिरिजाक्कानं पदर सोडला. "सर, पोरीचं काय झालं?"

"कुठल्या पोरीचं?"

"आठवीतल्या. परिस्थिती हाताळली म्हंता. पोरगी शाळंला आली का न्हाई?"

"मॅडम, हा सराव आहे. मनाला लावून घेऊ नका. अधिकाऱ्यानं भावनेच्या आहारी जायचं नसतं."

त्या संध्याकाळी गच्चीवर कुरडया पालथ्या करताना मी तिला विचारलं, "सोंग बाकी झकास घेतलंस. कुणाचं गं?"

"सोंग न्हवं," ती म्हणाली. "माझ्या आठवीतल्या सगुणाच्या बापाचं बोलणं हाय ते, जसंच्या तसं. मागच्या जुलैत आलता. मी म्हटलं माझ्या खोलीत ठेवते. हेडमास्तर म्हणाले, परवानगी न्हाई, काही झालं तर जबाबदार कोण? महिनाभर थांबला तो. दिवाळीनंतर लगीन लावलं तिचं." मग हातातली कुरडई मोडेपर्यंत दाबून म्हणाली, "बीजगणित काय करायची पोरगी! मी फळ्यावर मांडायच्या आत उत्तर सांगायची."

म्हणून तिला साहेब व्हायचं होतं. खुर्चीसाठी नव्हे. ती परवानगी देणारी सही तिला आपल्या हातात हवी होती.

परीक्षा झाली. गिरिजाक्का केंद्रात पहिली आली. चौगुले सर पास झाले. मी मधे कुठंतरी.

मुलाखती जूनच्या अखेरीला. मला समितीनं विचारलं, मिस्टर काय करतात, घरी म्हातारं माणूस कोण आहे, आणि चंदगडला बदली झाली तर चालेल का. मी चालेल म्हणाले, त्यांनी एकमेकांकडं पाहिलं, संपलं. गिरिजाक्का आत गेली ती बराच वेळ आली नाही. आल्यावर जिन्याच्या पायरीवर बसली आणि चपलेचा अंगठा नीट करत बसली.

"काय झालं?"

"काय न्हाई. एवढंच विचारलं, डोंगराळ भाग, पावसाळा, एकट्या बाईनं शाळा-शाळा कसं फिरायचं?"

"मग?"

"म्हटलं, जसं आत्ता फिरते तसं."

"मग?"

"मग म्हणाले, तुमच्या भल्यासाठीच म्हणतोय. सुरक्षिततेचा प्रश्न हाय."

मला तेव्हा जो संताप आला तो आजही शब्दांत बसत नाही. एकटी बाई म्हणून तिला चंदगडच्या टोकाला टाकताना पाऊस नव्हता काय? रातकिडे, घोणस, बंद पडलेली एस्टी, कुलूप नसलेली खोली, हे सगळं होतं तेव्हा कुणाला तिच्या सुरक्षिततेची आठवण झाली नाही. मजुरी करायला बाई चालते. त्याच वाटेनं, त्याच छत्रीखाली, त्याच चिखलातून अधिकार घेऊन निघाली की लगेच ती नाजूक होते.

चौगुले सरांची निवड झाली.

आम्ही पाचजणी अध्यक्षांच्या घरी गेलो. त्यांनी स्वागत केलं, सूनबाईंकडून ताक आणवलं, म्हणाले, "तुम्ही सगळ्या आमच्या घरातल्याच. रागावू नका. पुढच्या वेळी बघू."

मी सहसा बोलणारी नव्हे. त्या दिवशी कुठून बळ आलं कुणास ठाऊक. मी म्हणाले, "अध्यक्षसाहेब, कामाला आम्ही घरातल्या आणि खुर्चीला पावण्या, असं कसं?"

ते हसले. ताक चांगलं झालं होतं. बाहेर पडल्यावर गिरिजाक्का म्हणाली, "चल, माझी चंदगडची गाडी चुकंल." आणि गेली. परत त्याच शाळेत, त्याच खोलीत.

चौगुले सरांना मी वाईट म्हणणार नाही. माणूस सज्जन. पण त्यांना जळवांची भीती वाटायची. पावसाळ्यात ते हेडमास्तरांना गडहिंग्लजला बोलावून घ्यायचे आणि स्वतः दिवाळी झाल्यावर फिरायचे. तोवर भात कापून झालेलं असायचं, ओढे आटलेले, भिंती वाळलेल्या. त्यांनी डोंगरातल्या शाळा फक्त कोरड्या पाहिल्या. गळतंय म्हटलं तर त्यांना ते खरंच दिसायचं नाही. असं एकेक करत आठ पावसाळे गेले. दरवर्षी धनगरवाड्यावरच्या, ओढ्यापलीकडच्या पोरी जुलैत दिसेनाशा व्हायच्या. दरवर्षी गिरिजाक्का विचारायची. दरवर्षी अर्ज वर जायचा.

मग नवव्या वर्षी आषाढात पाऊस उघडायचंच नाव घेईना. गिरिजाक्काच्या शाळेची मागची भिंत ओली होऊन आतल्या अंगाला फुगली. तिनं एसटीडी बूथवरून चौगुले सरांना फोन लावला.

"सर, भिंत फुगून आत आलीया. पोरं हलवू का?"

"मॅडम, लेखी कळवा. मी वर पाठवतो. परवानगीशिवाय वर्ग हलवू नका."

हेडमास्तर रजेवर होते. तिनं फोन ठेवला, शाळेत आली, आणि पोरांना वह्या-दप्तरांसकट, पावसात, खोळी पांघरून रवळनाथाच्या देवळात नेलं. मंडपात एका कोपऱ्यात आठवी, एका कोपऱ्यात नववी. गुरवानं घंटा बांधून ठेवली, पोरांचं लक्ष उडतं म्हणून. चार दिवस शाळा देवासमोर भरली. चौथ्या दिवशी ती खांबावर खडूनं त्रिकोण काढत असताना खालून धडाड आवाज आला. भिंत पडली होती. आतल्या बाजूला, आठवीच्या वर्गावर, भर दुपारी, गणिताच्या तासाला. बाकांचा चुरा झाला होता.

पोरं रडली नाहीत, असं तिनं मला नंतर सांगितलं. ती रडली. देवळाच्या मागं जाऊन, पागोळ्यांखाली उभी राहून.

आणि संस्थेनं काय करावं? संस्थेनं तिच्याकडं खुलासा मागितला. पूर्वपरवानगीशिवाय वर्ग अन्यत्र का हलवले? मला तिनं ते फोनवर वाचून दाखवलं, आणि मी, गल्लीत कधी मोठ्यानं न बोललेली बाई, फोनवर अशी ओरडले की शेजारचे दारात आले.

पण या वेळी गाव गप्प बसलं नाही. दोन टेम्पो भरून माणसं कोल्हापुरात आली, निम्म्या बायका. भिजलेली घोंगडी तशीच अंगावर. कचेरीच्या व्हरांड्यात पाण्याची थारोळी झाली. एक म्हातारा अध्यक्षांच्या टेबलाशी गेला. "पावणं, खुलासा कुणाला मागताय? आमची पोरं जित्ती हायती, ह्योच खुलासा. त्या बाईंस्नी सायेब करा, न्हाईतर आमची शाळा आम्हाला द्या."

खुलासा रद्द झाला. चौगुले सरांनी स्वतःहून कोल्हापूरला बदली मागितली, आणि सुटल्यासारखे दिसले. गिरिजाक्का विभागप्रमुख झाली. पेपरात फोटो आला, सत्कार झाला, संस्थेनं उदार मनानं एका महिलेला संधी दिली, असं त्याखाली छापून आलं. पदविकेनं जे झालं नाही, पहिल्या नंबरानं झालं नाही, ते एका भिंतीनं केलं. ती रिकाम्या वर्गावर पडली म्हणून. भरल्या वर्गावर पडली असती, तर ह्याच लोकांनी हळहळून दोन मिनिटं उभं राहायला लावलं असतं आपल्याला.

निवृत्तीला तिची चार वर्षं उरली होती. त्या चार वर्षांत तिनं बैठका भर आषाढात, सगळ्यात ओल्या शाळेत घेतल्या, आणि कोल्हापूरच्या साहेब लोकांना छत्र्या धरून ओढे ओलांडायला लावले. गळकी कौलं पावसातच दाखवली. वाड्यांवरच्या पोरींना पावसाळ्याचे दोन महिने गावातल्या घरांत ठेवायची सोय केली. घरोघर जाऊन, चुलीपुढं बसून, "अव्वा, एक पोरगी ठेवून घे गं," असं म्हणत. सगळ्या पोरी राहिल्या असं नाही. पण बऱ्याच राहिल्या. त्यातली एक आता कुठंतरी नर्स आहे, एक गणितच शिकवते.

लोक मला सांगतात, बघा, शेवटी न्याय झालाच की. मी म्हणते, कसला न्याय? या चार वर्षांचा आनंद मला आहे. पण ती चार वर्षं इतकी चांगली गेली, म्हणूनच आधीची आठ मला जास्त जाळतात. ती सोय पहिल्या जूनलाच झाली असती. पैसे लागत नव्हते, कायदा आडवा येत नव्हता. लागत होती एक सही, आणि सही करणारा हात बाईचा नको होता. त्या आठ पावसाळ्यांत ओढ्यापलीकडं राहिलेल्या पोरी आज कुठल्या चुलीपुढं असतील? त्यांचा सत्कार कोण करणार? अन्याय गिरिजाक्कावर झाला असं सगळे म्हणतात. तिच्यावर झाला तो तिनं पेलला. ज्यांना आपल्यावर काही झालं हेच माहीत नाही, त्यांचं काय?

तिच्या निरोपाला मी चंदगडला गेले होते. मे महिनाच होता, फणस पिकून घमघमत होते, मांडव माणसांनी भरला होता. अध्यक्षांनी लांबलचक भाषण केलं. शेवटी आवाज भरून आल्यासारखा करून म्हणाले, "बाई असूनही, गिरिजाताईंनी चंदगडचा पावसाळा अंगावर घेतला!"

टाळ्या झाल्या. गिरिजाक्का उठली. माइक तिला लागत नसे, तरी तिनं तो जवळ ओढला.

"अध्यक्षसाहेब," ती म्हणाली, "चंदगडात निम्म्या बायकाच ऱ्हात्यात. त्या काय पावसाळा लागला की गावाला जात्यात व्हय?"

मांडव खदखदून हसला. पुढच्या रांगेतले साहेब लोक हसले, मागच्या बायका पदर तोंडाला लावून हसल्या, अध्यक्षही हसले. मीसुद्धा हसले. ती थांबली. हसू विरेपर्यंत, एकेक चेहरा बघत, उभी राहिली.

मग म्हणाली, "हसू नका. मी विनोद केला न्हाई."